सोळा पट्ट्यांवरची रात्र

जून १९६९ मध्ये ग्रेटफुल डेड या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचा तिसरा अल्बम 'ऑक्सोमॉक्सोआ' बाजारात आला. तो तयार करायला सुमारे १,८०,००० डॉलर लागले होते. त्या काळी एका रॉक अल्बमसाठी ही रक्कम अवाढव्यच होती. वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीने ती आगाऊ दिली होती. अशा करारांत स्टुडिओचा खर्च आधी कंपनी उचलते आणि पुढे कलावंताच्या रॉयल्टीतून तो वळता करून घेते. विक्री बेताची असली की कर्ज तसेच डोक्यावर राहते. डेडची विक्री बेताचीच होती.

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला त्यांचा चौथा अल्बम आला. 'लाइव्ह/डेड' हे त्याचे नाव, दोन तबकड्या, चार बाजू, सव्वा तासाच्या जवळपास संगीत, आणि सगळे प्रेक्षकांसमोर वाजवलेले. रॉक संगीतातले, सोळा ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित होऊन प्रसिद्ध झालेले हे पहिले थेट मैफिलीचे ध्वनिमुद्रण. कर्ज फेडायला स्वस्तात काहीतरी द्यायचे, ही त्यामागची उघड गरज होती. पण माझ्या मते या अल्बमचे खरे महत्त्व वेगळे आहे. गाणे हा रेकॉर्डचा घटक आणि मैफल ही त्या गाण्यांची जाहिरात, असा तोवरचा हिशेब होता. 'लाइव्ह/डेड'ने तो उलटवला आणि पुढची पंचवीस वर्षे हा बँड त्या उलट्या हिशेबावर जगला.

हे कसे घडले ते समजायला १९६५ पर्यंत मागे जावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पालो आल्टो परिसरात जेरी गार्सिया हा बँजो-गिटार शिकवणारा तरुण, रॉन मॅकर्नन ऊर्फ पिगपेन हा ब्लूज गाणारा, हार्मोनिका आणि ऑर्गन वाजवणारा, बॉब वेअर हा शाळकरी वयाचा गिटारवादक आणि बिल क्रॉइट्झमन हा ड्रमवादक यांनी एक बँड काढला. थोड्याच दिवसांत फिल लेश बास वाजवायला आला. लेशने तोवर बास हातात धरला नव्हता. तो मूळचा ट्रम्पेटवादक, आणि मिल्स कॉलेजात इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांच्याकडे आधुनिक पाश्चात्त्य संगीतरचना शिकलेला. ब्लूज, लोकसंगीत आणि प्रयोगशील कलासंगीत अशा तीन दिशांनी आलेली ही माणसे एकत्र वाजवू लागली, तेव्हा त्यांच्या वाजवण्याला ठरलेला साचा नव्हताच.

साचा पक्का होण्याआधीच त्यांना कादंबरीकार केन केसीच्या 'ॲसिड टेस्ट' नावाच्या रात्री मिळाल्या. त्यांत घेतले जाणारे एलएसडी हे नशेचे द्रव्य कॅलिफोर्नियात तेव्हा कायदेशीर होते. त्यावर बंदी आली ती ६ ऑक्टोबर १९६६ ला. या रात्रींत बँड हा आकर्षणाचा केंद्रबिंदू नसे. दिवे, पडद्यावरची हलती चित्रे, ध्वनिक्षेपकांवरची बडबड, नाचणारी माणसे या सगळ्यांत बँड हा एक भाग असे. वाटले तर तासभर वाजवा, वाटले नाही तर पाच मिनिटांत थांबा. कुणी पैसे परत मागणार नव्हते. व्यावसायिक संगीतकाराला सहसा न मिळणारी चुकण्याची मोकळीक त्यांना उमेदीच्या वयात मिळाली. लांबच लांब वाजवत राहण्याची आणि एकमेकांचे ऐकत वाट काढण्याची सवय तिथली. एलएसडीने अनेकांची आयुष्ये उद्ध्वस्त केली, हेही त्याच काळाचे सत्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. या बँडच्या संगीतावर मात्र त्या द्रव्याइतकाच त्या मोकळिकीचा ठसा आहे, असे मला वाटते.

१९६६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला आणि अडचण सुरू झाली. पहिला अल्बम हॉलिवूडमधल्या स्टुडिओत जेमतेम चार दिवसांत आटोपला. गाणी आखूड, लय घाईची. सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहांत ज्यांनी त्यांना ऐकले होते त्यांना ही तीच माणसे वाटेनात. दुसऱ्या अल्बमला, १९६८ च्या 'ॲन्थम ऑफ द सन'ला, त्यांनी दुसरे टोक गाठले. महिनोन् महिने, एकामागून एक स्टुडिओ. बॉब वेअरने एकदा निर्माता डेव्ह हॅसिंजरकडे दाट, जड हवेचा आवाज हवा असल्याची मागणी केली. हॅसिंजरने काम अर्ध्यावर सोडले. शेवटी मैफिलींची आणि स्टुडिओतली मुद्रणे एकमेकांवर चढवून तो अल्बम पुरा झाला. वॉर्नरचे अधिकारी जो स्मिथ यांनी बँडच्या बेशिस्तीबद्दल खरमरीत पत्र धाडले होते. तिसऱ्या अल्बमची गोष्ट आणखी महागाची. आठ ट्रॅकवर बरेचसे मुद्रण झाले असताना स्टुडिओत सोळा ट्रॅकचे नवे यंत्र आले आणि बँडने झालेले काम बाजूला ठेवून सगळे नव्याने मुद्रित करायला घेतले. १,८०,००० डॉलरचा आकडा असा फुगला.

हे यंत्र म्हणजे अँपेक्स कंपनीचे एमएम-१०००. त्याची फीत दोन इंच रुंद असे आणि तिच्यावर सोळा स्वतंत्र पट्ट्या, म्हणजे ट्रॅक. दरेक वाद्य, दरेक गळा आपापल्या पट्टीवर नोंदला जाई. मग सवडीने बसून कोणता आवाज किती वर, कुठे ठेवायचा ते ठरवता येई. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १९६७ मध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला होता हे लक्षात घेतले, म्हणजे ही उडी केवढी होती ते कळते. अँपेक्सचे मुख्यालय रेडवुड सिटीत, म्हणजे डेड ज्या भागात जन्माला आला त्याच भागात होते. सॅन मटेओचा पॅसिफिक रेकॉर्डिंग स्टुडिओही तिथून जवळच. सिलिकॉन व्हॅली हे नाव रूढ होण्याआधीच्या या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आणि लांब केसांचे वादक एकाच रस्त्यावर राहत होते. 'लाइव्ह/डेड' सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठीच का झाला, याचे बरेचसे उत्तर या शेजारात आहे.

बँडच्या आत मात्र १९६८ चा शरद ऋतू वाईट गेला. संगीत गुंतागुंतीचे होत चालले होते आणि वेअर व पिगपेन मागे पडतात, असे गार्सिया आणि लेश यांना वाटू लागले. दोघांना काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. ऑक्टोबरमध्ये उरलेल्यांनी 'मिकी अँड द हार्टबीट्स' या नावाने छोट्या मॅट्रिक्स क्लबमध्ये कार्यक्रमही केले. काढून टाकणे टिकले नाही. दोघे परत आले, वेअर तर आधीपेक्षा फार बारकाईने वाजवू लागला, आणि नोव्हेंबरमध्ये लेशचा कॉलेजमधला मित्र टॉम कॉन्स्टँटन कीबोर्डवर रुजू झाला. जानेवारी १९६९ मधला हा सात जणांचा संच म्हणजे भांडून, मोडून, पुन्हा सांधलेला बँड होता. 'लाइव्ह/डेड'मध्ये वेअरची गिटार सोबत न करता गार्सियाशी सतत बोलत राहते, ती ऐकताना तो मागचा शरद ऋतू मला आठवतो.

सातांपैकी मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक. तो सप्टेंबर १९६७ मध्ये आला आणि त्याच्याबरोबर आपल्याकडची एक वाट या कथेत शिरली. १८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरी महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवून गेले होते, आणि त्याच रात्री त्याच मंचावर ग्रेटफुल डेड होता. हार्ट तेव्हा बँडमध्ये नव्हता. पण त्याच वर्षी त्याची अल्लारखाँ यांच्याशी गाठ पडली. मुंबई आकाशवाणी आणि हिंदी चित्रपटसृष्टीत उमेद घालवलेल्या या तबलानवाजांकडून त्याने मात्रांच्या विभागणीचे, एका लयीवर दुसरी लय बसवण्याचे धडे घेतले. ते त्याने क्रॉइट्झमनला दिले आणि हळूहळू सगळा बँड विषम मात्रांचा रियाज करू लागला. 'द इलेव्हन' ही लेशची रचना नावाप्रमाणेच अकरा मात्रांची आहे: तीन, तीन, तीन आणि दोन. अकरा मात्रांचा रुद्र ताल आपल्याकडे जाणकारांना परका नाही. नाचायला जमलेल्या अमेरिकी तरुणांपुढे अकराचे आवर्तन घेऊन उभे राहणे १९६९ मध्ये धाडसाचे होते. गंमत म्हणजे त्यावर लोक नाचलेही.

सोळा ट्रॅकचे यंत्र स्टुडिओबाहेर काढून सभागृहात न्यायचे ठरले ते बॉब मॅथ्यूज आणि बेट्टी कँटर या दोन तरुण ध्वनिमुद्रकांच्या भरवशावर. कँटर तेव्हा विशीची. पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यात यंत्रासमोर बसणारी बाई फार दुर्मीळ होती आणि पुढे याच बँडच्या मुद्रणांवर तिच्या कानाची छाप पडली. कपाटाएवढे ते यंत्र उचलून न्यायचे, ही झाली अंगमेहनत. खरी अडचण मायक्रोफोनची होती. गायकापुढचा एकच मायक्रोफोन सभागृहाच्या कर्ण्यांनाही आवाज पुरवणार आणि फितीलाही. दोन्हीकडे फाटा फोडला की आवाजाचा कस जातो. बँडचा ध्वनितज्ज्ञ, आणि एलएसडी बनवणारा म्हणून कुप्रसिद्ध असलेला आउझ्ली स्टॅन्ली याने हे काम अँपेक्समधला इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार रॉन विकरशॅम याच्याकडे सोपवले. विकरशॅमने कस न घालवता आवाज दोन्हीकडे नेणारे उपकरण बनवले. या अल्बममध्ये झांजेचा शेवटचा किणकिणाट आणि बासच्या तारेची थरथर स्पष्ट ऐकू येते, याचे श्रेय त्या छोट्या उपकरणालाही आहे.

२६ जानेवारी १९६९ ला ॲव्हलॉन बॉलरूममध्ये मुद्रण झाले. मग २७ फेब्रुवारी ते २ मार्च अशा सलग चार रात्री फिलमोर वेस्टमध्ये. हे सभागृह वर्षभरापूर्वी कॅरोसेल बॉलरूम म्हणून ओळखले जाई आणि डेडने जेफरसन एअरप्लेन वगैरे मित्रबँडांसह ते चालवायचा प्रयत्न केला होता. काही महिन्यांतच तो उद्योग आटोपला आणि संयोजक बिल ग्रॅहमने ती जागा घेऊन नाव बदलले. आपणच चालवलेल्या आणि गमावलेल्या घरात ते आता बिदागीवर वाजवत होते. भिंतींवर तेल-पाण्याच्या रंगांचे हलते प्रकाशखेळ आणि नाचायला मोकळी जमीन. घरचेच वातावरण ते.

२७ फेब्रुवारीच्या रात्रीचा 'डार्क स्टार' अल्बमची संपूर्ण पहिली बाजू व्यापतो: तेवीस मिनिटे. याच गाण्याची अडीच-पावणेतीन मिनिटांची छोटी तबकडी एप्रिल १९६८ मध्ये निघाली होती आणि कुणाच्या लक्षातही न येता बुडाली होती. गीतकार रॉबर्ट हंटरचे शब्द जेमतेम दोन कडव्यांचे, चाल साधी. ख्यालगायक छोटीशी बंदिश हाताशी धरून बढत करतो आणि मुखड्यावर परत येतो, तसे इथे होते. गार्सियाची गिटार एका स्वरावलीत फिरत राहते, लेशचा बास ठेका धरण्याऐवजी स्वतःचीच ओळ गातो, कॉन्स्टँटनचा ऑर्गन मागे पातळ पडदा धरून असतो. ड्रमवादक बराच वेळ ड्रमला हातही लावत नाहीत. टाळ-झांजांचे किरकोळ आवाज तेवढे येतात. शब्द येईपर्यंत कितीतरी मिनिटे गेलेली असतात आणि ते आले तरी घाई नसते. हे साम्य केवळ आपल्या कानाचा भास नव्हे. या वादकांनी जॉन कोल्ट्रेनचे जॅझ ध्यास लावून ऐकले होते, आणि कोल्ट्रेनवर रविशंकरांच्या संगीताचा इतका परिणाम होता की त्याने आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले.

'डार्क स्टार' न थांबता 'सेंट स्टीफन'मध्ये उतरतो आणि तिथून 'द इलेव्हन' सुरू होतो. इथे एक सांधा आहे. 'सेंट स्टीफन' २७ फेब्रुवारीचा, 'द इलेव्हन' २६ जानेवारीचा, सभागृहही वेगळे. एका श्वासात ऐकू येणाऱ्या दोन आवर्तनांमध्ये महिन्याचे अंतर आहे आणि ते कानाला कळत नाही. त्यापुढची संपूर्ण तिसरी बाजू ॲव्हलॉनचीच: बॉबी ब्लँडचे 'टर्न ऑन युअर लव्ह लाइट' पंधरा मिनिटे ताणून पिगपेन सगळ्या सभागृहाला अंगावर घेतो. चारच महिन्यांपूर्वी ज्याला नको म्हटले होते त्याला एक अख्खी बाजू मिळाली आणि अमूर्तात गेलेल्या श्रोत्याला त्याने पुन्हा जमिनीवर आणले. चौथी बाजू २ मार्चची. रेव्हरंड गॅरी डेव्हिस यांचे मृत्यूवरचे संथ ब्लूज, मग गिटार कर्ण्यासमोर धरून निघणाऱ्या गुंजारवाचे जवळपास आठ मिनिटांचे 'फीडबॅक', आणि शेवटी बहामा बेटांवरच्या अंत्ययात्रेत गायल्या जाणाऱ्या निरोपाच्या गीताचा वाद्यांशिवाय अर्ध्या मिनिटाचा तुकडा. 'फीडबॅक' मला आजही पुरते पेलत नाही. पण ते गाळले असते तर अल्बम अधिक गोड आणि कमी खरा झाला असता.

तीन वेगवेगळ्या रात्री जोडून केलेल्या या चार बाजूंना 'थेट' म्हणावे का? माझे उत्तर होकारार्थी आहे. वाजलेल्या वाद्यांवर स्टुडिओत नवे काही चढवून चुका झाकण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. आधीच्या दोन अल्बमांत त्यांनी तो मनसोक्त वापरला होता. इथे निवड आणि जुळणी झाली. त्यांच्या एका चांगल्या रात्रीचा चढ-उतार कसा असतो, तो क्रम त्यांनी श्रोत्याच्या घरी पोचवला.

अल्बम आला तो काळ या पिढीला चटके देणारा होता. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला डेडचा कार्यक्रम पाऊस आणि विजेच्या गोंधळात फसला होता. अल्बमनंतर महिन्याच्या आत, ६ डिसेंबरला, आल्टमाँटच्या मोफत महोत्सवात हिंसाचार झाला, एक तरुण मारला गेला; तिथे जाऊनही डेड न वाजवता परतला. त्या महोत्सवाच्या आखणीत या बँडच्या माणसांचाही हात होता, ही बोच राहिली. अशा वेळी 'लाइव्ह/डेड'चे समीक्षकांनी मोठे स्वागत केले. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेनी केने त्याची वाखाणणी केली, 'व्हिलेज व्हॉइस'च्या रॉबर्ट क्रिस्टगाऊने तर त्यातल्या दुसऱ्या बाजूला रॉकमधल्या उत्स्फूर्त वादनाच्या अगदी शिखरावर बसवले. खप डोळे दिपवणारा नव्हता, पण नव्या अल्बमसाठी कंपनीला पुन्हा लाखांत ओतावे लागले नव्हते, आणि बँडला श्वास घ्यायला जागा मिळाली. दुर्दैवाने लगेचच मिकी हार्टचे वडील लेनी हार्ट, जे व्यवस्थापक होते, त्यांनीच बँडचा मोठा पैसा लंपास केल्याचे १९७० मध्ये उघड झाले. त्या शरमेने फेब्रुवारी १९७१ मध्ये मिकीने काही वर्षांसाठी बँड सोडला.

पैशाची ही ओढाताण आणि थकवा यांतून डेडने १९७० मध्ये 'वर्किंगमॅन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्युटी' हे दोन साधे, गाण्यांचे, कमी खर्चाचे स्टुडिओ अल्बम केले. पण कणा मैफिलीचाच राहिला. १९७१ मध्ये दुसरा दुहेरी थेट अल्बम आला. त्याच्या वेष्टनावर चाहत्यांनी आपले पत्ते कळवावेत असे आवाहन होते, आणि त्यातून बँडची स्वतःची टपालयादी उभी राहिली. मग युरोपच्या दौऱ्यातली संपूर्ण मुद्रणे करून १९७२ चा तीन तबकड्यांचा अल्बम. प्रत्येक रात्र वेगळी असते हे 'लाइव्ह/डेड'ने श्रोत्यांना शिकवले होते. साहजिकच उरलेल्या रात्रींची भूक लागली. लोक टेपरेकॉर्डर लपवून नेऊ लागले, फितींची देवाणघेवाण करू लागले. इतर बँडांनी असल्या लोकांना हुसकावले. डेडने ऑक्टोबर १९८४ पासून सभागृहात त्यांच्यासाठी अधिकृत जागाच राखून ठेवली. १९९५ मध्ये गार्सिया गेला तोवर बँडचे सुमारे २,३०० कार्यक्रम झाले होते आणि त्यातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या फितीवर जिवंत आहेत.

अल्लारखाँ यांच्याकडून सुरू झालेला धागाही तुटला नाही. त्यांचा मुलगा, माहीममध्ये वाढलेला झाकीर हुसेन, १९७० मध्ये अमेरिकेला गेला आणि हार्टच्या नोव्हॅटो इथल्या वाडीवर त्याचा राबता सुरू झाला. दोघांनी १९७६ मध्ये 'डिगा' हा तालवाद्यांचा अल्बम केला, आणि १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमीतला जागतिक संगीताचा पहिला पुरस्कार मिळाला.

२००५ मध्ये फिलमोर वेस्टच्या त्या चारही रात्रींचे संपूर्ण मुद्रण दहा सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले, दहा हजार प्रती. आता २७ फेब्रुवारीला 'सेंट स्टीफन'नंतर प्रत्यक्ष वाजलेला 'द इलेव्हन'ही ऐकता येतो. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. फेब्रुवारीचा चांगला आहे, पण ॲव्हलॉनच्या 'द इलेव्हन'मध्ये समेवर येताना दोन्ही ड्रमवादक ज्या जोराने एकत्र उतरतात तो जोर त्याच्यात नाही. जानेवारीची फीत उचलून फेब्रुवारीला जोडणाऱ्यांनी बरोबर ऐकले होते.